सुभेदारांच्या कानातली बोंडं

आमच्या घरात माणसाची किंमत किती, हे त्याच्यासाठी कानातले किती बड्स काढले जातात यावरून ठरतं. भाजीवाली दारात आली की आमच्या सौभाग्यवती दीपमालाबाई दोन्ही काढतात, भाव नीट ऐकू यायला हवा. शेजारच्या सुलाबाई आल्या तरी दोन्ही, कारण त्यांच्याकडची बातमी वाया जाऊन चालत नाही. माझ्यासाठी एकच निघतो. तो चिमटीत, कानाजवळच धरलेला असतो, लगेच परत घालता यावा म्हणून. मग "काय?" असा प्रश्न येतो. कुठल्या महत्त्वाच्या कामात आपण अडथळा आणला हे त्या एका शब्दात असं काही सांगितलेलं असतं, की मला जे बोलायचं होतं तेच फालतू वाटायला लागतं.

"काही नाही," मी म्हणतो. बड परत कानात जातो.

मुलगी शिवांजली पुण्याच्या कंपनीचं काम साताऱ्यात घरी बसून करते. तिच्या कानातून ते उगवलेच आहेत की काय अशी मला शंका आहे. परवा मी तिला सासरी कसं वागावं, यावर मनापासून चार गोष्टी सांगितल्या. ती मान डोलवत होती. मला भरून आलं. शेवटी ती म्हणाली, "येस सर, स्क्रीन दिसतेय." ती मान पुण्याच्या साहेबासाठी डोलत होती.

फायदे अजिबात नाहीत असं मी म्हणत नाही. वायर गुंतत नाही. दीपमालाबाईंचे दोन्ही हात कणकेत असले तरी माहेरशी संपर्क तुटत नाही. पण बाईंचा कान ठणकायला लागला म्हणून डॉक्टरकडे गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "दिवसभर घालू नका, कानाला जरा हवा लागू द्या," आणि बाईंनी हा सल्ला एका कानाने ऐकला, कारण दुसऱ्यात बहिणीचा फोन चालू होता. घरात देवापुढचा दिवा एखादे दिवशी राहतो, बड्सच्या डबीचं चार्जिंग राहत नाही. त्यातला एक दाणा हरवला की सगळं कुटुंब सोफ्याखाली आडवं होतं. बाप हरवला तर इतके वाकून शोधतील असं वाटत नाही.

तर अशा मनःस्थितीत मी मुलीची सोयरीक जमवायला सांगलीला निघालो.

मुलगा शंभूराज. कुपवाडला त्याचा पंपाचे सुटे भाग करायचा कारखाना आहे. शिवांजलीने आजवर आम्ही दाखवलेली सगळी स्थळं नाकारली होती. हे नाव तिने स्वतः आणलं, आणि सांगताना दोन्ही बड्स काढून टेबलावर ठेवले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. मुलाला आईवडील नाहीत, चुलत्याने वाढवलेला. चुलते हंबीरराव, तोफखान्यातले निवृत्त सुभेदार. पोरगा त्यांच्या शब्दाबाहेर नाही. बैठकीत चारचौघांसमोर मध्यस्थ विचारणार, दोन्हीकडचे वडीलधारे तोंडाने हो म्हणणार, आणि मगच सुपारी फुटणार, अशी रीत. सुभेदारांनी हो म्हटलं नाही तर शिवांजलीचं लग्न तिथंच संपलं.

कराडजवळ मेव्हणे गुंडामामा गाडीत बसले. ते बसले आणि गाडीत बोलणाऱ्या माणसांची संख्या दोन झाली. बाकी मायलेकींचे कान भरलेले होते. गाडीवाल्याच्याही एका कानात होतं. मागून ट्रक भोंगा वाजवून वाजवून थकला, शेवटी मामांनीच गाडीवाल्याच्या खांद्यावर थाप मारली.

"आरं, गाडी चालीवतुयास का गाणी ऐकतुयास?"

"दोनी बी, मामा," तो म्हणाला.

सांगलीला पोचलो. बैठकीच्या खोलीत सतरंजी, समोर तक्क्याला टेकून सुभेदार. पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. आणि दोन्ही कानांत पांढरे बड्स! सत्तरी उलटलेल्या माणसाच्या! माझ्या डोक्यात तिडीक गेली. निदान या पिढीकडून मला आशा होती.

गुंडामामा माझ्या कानाशी पुटपुटले, "पोरीची बोलणी चाललीत आन् म्हातारा बघा, गाणी ऐकतुया."

"गाणी न्हाईत, पाव्हणं," खोलीच्या त्या टोकावरून सुभेदार म्हणाले.

मामा चपापले, पण माघार घेणारे नव्हेत. "मग काढून ठिवा की ती बोंडं, सुभेदार. सोयरिकीची बैठक हाय. आमाला बी काय मान हाय का न्हाई?"

शंभूराज पुढे झाला. "मामा, ते काका..."

सुभेदारांनी नुसता हात वर केला. पोरगा मागे सरला. त्यांनी बड्स काढले, डबीत ठेवले, डबी सतरंजीवर मधोमध ठेवलेल्या आपल्या मोबाइलशेजारी ठेवली आणि आमच्याकडे बघून हसले. मला बरं वाटलं. जगात अजून लाज शिल्लक आहे, असं वाटलं.

पण पुढे तो माणूस नुसता हसतच राहिला. मी उसाच्या दराचा विषय काढला, हसले. साताऱ्याच्या रस्त्यांचा काढला, हसले. दीपमालाबाईंनी आपल्या वडिलांच्या आजारपणाचं सांगितलं, तरी हसले. मिजासच ही! बड्स काढायला लावले त्याचा राग काढतोय, असं मी मामांना खुणेने सांगितलं. मामांनी मिशीवर हात फिरवून दुजोरा दिला.

मध्यस्थ होते बादशहाभाई, कुपवाडच्या कारखान्यांना लोखंड पुरवणारे. शंभूराजला त्यांनी पेढे आणायला पिटाळलं, नारळ-सुपारीचं ताट मधोमध ठेवलं आणि दाढीवरून हात फिरवून आधी मला विचारलं. मी हो म्हणालो. मग ते सुभेदारांकडे वळले.

"सुभेदार, सातारकरांची शिवांजली तुमच्या शंभूराजला केली. पसंत हाय नव्हं?"

सुभेदार बादशहाभाईंच्या दाढीकडे एकटक बघत राहिले. हसू मात्र गेलं होतं.

"सुभेदार, पसंत हाय नव्हं?"

काही नाही. आतल्या दारात शिवांजली उभी होती. तिने चौकट घट्ट धरलेली मला दिसली.

गुंडामामांनी टोपी उचलली. "चला, दाजी. दोनदा इचारून बी माणूस बोलत न्हाई. ह्यापरास थोबाडीत मारली आसती तर बरं वाटलं आसतं."

आणि मग मी बोललो. इतक्या वर्षांचं साठलेलं बोललो. म्हणालो, "कानात बोळे घालून फिरणाऱ्यांना माणसाची किंमतच राहिलेली नाही! बायको ऐकत नाही, पोरगी ऐकत नाही, गाडीवाला ऐकत नाही, आता व्याहीही ऐकेनात! समोरचा जीव तोडून बोलतोय आणि तुम्ही तोंडाकडे बघत बसता! अशा घरात मुलगी द्यायची म्हणजे भिंतीला देणं!" हातवारे इतके झाले की ताटातला नारळ गडगडत गेला. सुभेदार माझ्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते. इतक्या लक्षपूर्वक माझं आजवर कुणीच ऐकलेलं नाही.

शिवांजली बाहेर आली. साडी सावरत सुभेदारांसमोर बसली, पण पाया पडायच्या आधी तिने त्यांच्या मोबाइलकडे पाहिलं. पडद्यावर माइकची खूण दिसत होती. मग तिने डबी उघडली आणि दोन्ही बड्स तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे धरले.

"बाबा, यात गाणं नाहीये," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "मोबाइलचा नुसता माइक चालू आहे. समोरच्याचा आवाज मोठा करून कानात येतो. यांना हे घातल्याशिवाय ऐकू येत नाही."

मामांनी टोपी हळूच मांडीखाली सारली.

सुभेदारांनी बड्स घातले, नीट बसवले आणि घसा खाकरला. "तोफंनं दोनी कान खाल्लं माजं. कानाचं मशीन घेतलं हुतं. पर ती घातलं की समदी वरडून बोलत्यात, न्हान पोराशी बोलल्यावानी. ही घातलं की म्हणत्यात, म्हातारा लय शौकीन हाय. आन् आता समदीच घालून बसत्यात, मग आमचं कोण बघतंय?"

"आवं, मग मगाशी सांगायचं न्हाई व्हय?" मामा म्हणाले.

"तुमी काढा म्हणलासा. पाव्हण्याचा शबूद." सुभेदार बादशहाभाईंकडे वळले. "हां, बादशहाभाई. काय इचारलंसा, परत इचारा."

"आवं, नुसती मान हलीवली आसती तरी भागलं आसतं की."

"न्हाई. तोफंवर हुकूम आला की आदी तो तसाच्या तसा म्हणून दावायचा, मग गोळा सोडायचा. न ऐकल्याला मान हलीवली तर गोळा कुटं बी पडतो. ही तर पोरीचा जल्म हाय."

बादशहाभाईंनी परत विचारलं. सुभेदारांनी तो प्रश्न शब्दन्‌शब्द म्हणून दाखवला, सातारकरांच्या शिवांजलीपासून पसंतीपर्यंत, आणि मग ताठ बसून म्हणाले, "पसंत हाय."

गडगडलेला नारळ मामांनीच शोधून आणला. शंभूराज पेढे घेऊन आला, तेव्हा सुपारी फुटलेली होती आणि शिवांजली सुभेदारांच्या मोबाइलमध्ये आवाज कमी-जास्त करून देत होती. आमच्याशी साताऱ्याहून इथवर एक शब्द न बोललेली मुलगी!

माझं मत यात काही बदललेलं नाही. चांगले कान असलेल्या माणसांनी त्यात बुचं मारायची आणि ज्याला खरंच ऐकायचंय त्याने त्या गर्दीत लपून बसायचं, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. हे तिथं सांगायलाच हवं असं मला वाटलं. पेढा गिळून मी सुरुवात करणार, तेवढ्यात सुभेदार सगळं अंग माझ्याकडे वळवून बसले. कानातले दोन्ही बड्स बोटांनी नीट दाबले. दीपमालाबाईंनीही दोन्ही काढले.

"इवाई," सुभेदार म्हणाले, "मगाशी तुमी लय येळ बोलत हुतासा. माज्याकडं बगूनच बोलत हुतासा. ती बी परत सांगा. एकबी शबूद सोडू नगासा."

मी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हणालो.

"काई न्हाई कसं?" सुभेदार म्हणाले. "हात लय हालत हुतं की."