ठेंगणी गाडी

प्रितेशचं एक वाक्य मिथुनच्या डोक्यात वर्षभर रुतून बसलं होतं. दोघं चुलतभाऊ, दोघांची घरं कामोठे गावात, दोघांकडं जीप. मागच्या लग्नात प्रितेशनं आपल्या उंच जीपमध्ये नवरदेव बसवला, मिथुनच्या जीपमध्ये भाताचे टोप चढवले आणि वर चारचौघांत म्हणाला, "तुजी गाडी ठेंगणी हाय ना, उतरवायला बरी."

लोक हसले. सगळ्यात जास्त भामाआत्या हसली. दुसऱ्या दिवशीच्या मटणालाही मिथुननं हात लावला नाही, यावरून घाव केवढा होता ते ओळखा.

यंदा भावकीतल्या अविनाशचं लग्न निघालं. नवरदेव आपल्याच गाडीतून जाणार, हे मिथुननं साखरपुड्यातच वदवून घेतलं आणि जीप कळंबोलीला धर्मराज मिस्त्रीकडं टाकली. मिस्त्रीनं गाडी वीतभर उचलली, खाली ट्रॅक्टरला शोभतील असले टायर घातले. मग बजावलं, की आत माणसं भर, स्टेअरिंग पुरं फिरव आणि टायर मडगार्डला लागतो का बघ; रिकाम्या गाडीवर भरवसा ठेवू नको.

पण माणसं भरायची म्हणजे गाडी दाखवायची. मिथुनला तर प्रितेशचं तोंड लग्नाच्या दिवशीच, वऱ्हाडासमोर पडलेलं बघायचं होतं. त्यानं लोखंड बाजाराच्या मागं एकट्यानंच दोन चकरा मारल्या आणि गाडीवर ताडपत्री ओढली.

लग्नाच्या सकाळी ताडपत्री निघाली. प्रितेशचं तोंड खरोखर पडलं. ते सुख मिथुनला मांडवाच्या वळणापर्यंत पुरलं.

गाडीत नवरदेव, भामाआत्या आणि सहा करवल्या. मिथुननं स्टेअरिंग पुरं फिरवलं, भारानं गाडी बसली, टायर मडगार्डात घुसला, जळक्या रबराचा वास सुटला आणि जीप गटाराला चिकटून अडकली. पुढं जाईना, मागं येईना. बँडवाल्यांनी मागं वळून बघितलंच नाही. ते वाजवत वाजवत नवरदेवाशिवाय मांडवात पोचले.

हे बघून प्रितेशच्या अंगात परोपकार संचारला. त्यानं आपली जीप आणून मिथुनच्या गाडीच्या दाराला नाक लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नवरदेवाला आपल्याकडं बोलावलं. अविनाशनं पाय खाली सोडला, तोच भामाआत्या कडाडली.

"सासूनं ओवाळल्याबिगर नवऱ्याचा पाय जमिनीला लागत नाय."

ही रीत जुनी होती की आत्यानं तिथल्या तिथं काढली, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. जमीन सोडली तर पाय ठेवायला एकच जागा उरत होती. अविनाश प्रितेशच्या बॉनेटवर उतरला. ढब्ब. परातीएवढा खळगा पडला.

प्रितेशचा आवाज चिरकला. बाकीच्यांनी खाली जमिनीवर उतरावं, म्हणाला. पण एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला उंची छातीएवढी, आणि भामाआत्याचे गुडघे दोन वर्षांपासून संपावर.

मिथुन सीटवरून उठला. वर्षात पहिल्यांदाच त्यानं आत्याचा हात मायेनं धरला.

"प्रितेश, तुजी गाडी ठेंगणी हाय ना," तो म्हणाला, "उतरायला बरी. आत्या, सावकाश. घाई नाय."

आत्यानं नथ सावरली, पदर खोचला आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध पाय ठेवला. मागं सहा करवल्या रांगेत उभ्या होत्या.