नाक्यावरचा इतवारी

"पाच रविवार झाले यार, एकाच नाक्यावर बसून आहो आपण. तो इतवारी मरत काऊन नाई?"

जुबेर अगदी हळू बोलला होता. पण माझं दुकान दहा बाय बारा, मधे एक पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे मी कलाबाईंच्या ब्लाऊजची बाही टाचत होते. तोंडात चार टाचण्या. बोलता येत नव्हतं, पण ऐकायला काही तोंड लागत नाही.

"चूप बस," त्याची बहीण इकरा म्हणाली. "मोनाले बोलाचं असते त्याच्यासंग."

जुबेरचं बोलणं मी मनाला लावून घेतलं आणि इकराचं ऐकूच आलं नाही असं ठरवलं. जुनी सवय आहे माझी.

"कोण मरून राह्यलं बाई?" कलाबाईंनी विचारलं.

मी टाचण्या काढल्या. "कोणी नाई जी. खेळातला माणूस हाय."

"मंग ठीक. बाही ढिली ठेवजा."

आता इतवारी कोण, ते सांगते. रविवारी दुपारी मी मशीन बंद करते आणि आम्ही चौघं एक खेळ खेळतो. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीनं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून आपापला माणूस चालवायचा. जुबेर मोबाइल दुरुस्त करतो. गोष्टीत तो तलवारबहाद्दर. इकरा फार्मसी शिकते. गोष्टीत ती वैदीण. माझी भाची मोनाली चंद्रपूरला होस्टेलवर राहते, एसटीनं येते. गोष्टीत ती चोर, आणि तिघांत सगळ्यात इमानदार तीच. सांगणारी मी. कोणी धाडस केलं की ते साधलं का फसलं हे ठरवायला खरं तर वीस बाजूंचा फासा लागतो. आमच्याकडे बरणीत शर्टाची वीस बटणं आहेत, मागून मार्करनं आकडे टाकलेली. डोळे मिटून एक काढायचं. वीस आलं तर डोंगर हलतो, एक आलं तर स्वतःच्याच पायात पाय.

मी आठवी पास. हा खेळ इकराच्या मोबाइलवरच्या इंग्रजी व्हिडिओंतून शिकले. अर्धा कळला नाही, तेवढा मनानं भरला. नंतर समजलं की कळलेला अर्धाही चुकीचाच होता.

नियम एक पक्का: खेळणाऱ्यांचे तीन सोडून त्या जगातली सगळी माणसं सांगणारीनं करायची. राजा तिनंच, भिकारी तिनंच, चहावालाही तिनंच. मी मोठ्या हौसेनं जुन्या मापाच्या वहीत चाळीस पानं भरून एक खलनायक लिहिला, कोळसासूर. जळत्या खाणीत राहणारा. त्याला तीन डोकी, दोन राण्या आणि एक पूर्वजन्म दिला. त्या चाळीस पानांपर्यंत आजवर कोणी पोचलेलं नाही. कारण वाटेत मी चोरटं लाकूड अडवायचा एक जंगल नाका टाकला, आणि नाक्याला माणूस लागतो म्हणून एक नाकेदार बसवला. त्याला मी दोनच वाक्यं लिहिली होती: "पास दाखवा" आणि "जा".

यांच्याकडे पास नव्हता. आता काय? नाकेदार म्हणाला, "जेवले का?" मग म्हणाला, "बसा. साहेब येतील."

साहेब काही आले नाहीत. पाच रविवार.

इतवारी कोणाला नाही म्हणत नाही. "पाहू" म्हणतो. बोलायच्या आधी दोनदा खाकरतो आणि आभाळाकडे बघतो, जसं काही वरून आदेश यायचा आहे. बांबूचा अडसर सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघतो. तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता जगातल्या कुठल्याही माणसाचं गाव, आडनाव आणि मामाकूळ काढतो. जुबेरनं एकदा चिडून त्याच्यावर तलवार उपसली, तर इतवारीनं तलवारीची मूठ पाहून विचारलं, "सागाची हाय का? बिना पासची?" त्या दिवशी इकरा हसून हसून खुर्चीवरून पडली. मला वाटलं, काय पण डोकं आहे आपलं! शाळेत वेळेवर कोणी ओळखलं असतं तर!

तिसऱ्या रविवारी मी इतवारीच्या सोंगात रिकामा तळहात घोटत होते. सहज वर पाहिलं. मोनाली माझ्या हाताकडे बघत होती. बघता बघता तिनं मान खाली घातली आणि बटणं मोजायला लागली.

तेव्हा मला कळलं. तो हात डोमाचा होता. डोमा म्हणजे माझा धाकटा भाऊ, मोनालीचा बाप, आलापल्लीच्या वाटेवरच्या नाक्यावर वीस वर्षं चौकीदार. एवढं एक पात्र मला जमलं, आणि तेही माहेरून उचललेलं.

डोमाशी मी तीन वर्षं बोलत नव्हते. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. आमचं गाव चामोर्शीजवळ. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्राच, भरते, रात्रभर नाटक असतं, लेकीबाळी माहेरी येतात. भाऊ फोन करून निवता देतो, ही रीत. त्या वर्षी डोमानं घरच्यांच्या ग्रुपवर रंगीत फोटो टाकला, स्वतःचा हात जोडलेला, खाली "सर्वांनी यावे". ग्रुपवर चौसष्ट माणसं. मी म्हटलं, सख्खी बहीण "सर्वांनी"त येते काय? फोनची वाट पाहिली. तो आला नाही. मीही गेले नाही. मोनालीनं नंतर सांगितलं की नाटकात पुढच्या रांगेत त्यानं पहाटेपर्यंत एक खुर्ची दुपट्टा टाकून धरून ठेवली होती. ते ऐकून मला रडू आलं, म्हणून मी आणखीनच रागावले. दुसऱ्या वर्षी त्यानं फोटोही टाकला नाही.

आणि आता येत्या बुधवारी नागपूरला त्याच्या छातीचं ऑपरेशन होतं. मला हे बाजारात आमच्या गावच्या शकुबाईकडून कळलं. मला कळलंय हे मोनालीला ठाऊक. तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक. दुकानात मात्र आम्ही कोळसासुराविषयी बोलत होतो.

तर कलाबाई गेल्या, मी पडदा सारला आणि गोष्ट सांगायला बसले. जुबेरला इतवारी नको ना? मलाही नकोच होता. पात्र जड झालं की आमच्या जिल्ह्यात लेखकाला फार विचार करावा लागत नाही.

"चितळ ओरडलं," मी म्हणाले. "इतवारी अडसराजवळ उभा आहे. मागच्या बांबूतून वाघ निघाला."

"थांब थांब थांब!" जुबेर उभाच राहिला. "मी मधे जातो!"

"तूच म्हणत होता न, मरत काऊन नाई?"

"ते ऐकलं काय तुमी? मावशी, ते असंच म्हटलं! मी मधे गेलो, लिहा!"

त्यानं बटण काढलं. दोन. बहाद्दर स्वतःच्या ढालीवर घसरून पडला. इकरानं घाईघाईनं काढलं. सतरा. तिच्या मशालीला भिऊन वाघ पळाला, पण पंजा लागून गेला होता.

"कुठी लागला?" इकरानं विचारलं.

मी मांडी म्हणणार होते. खरंच. तोंडातून निघालं, "छातीले."

बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किका मारणं चालू होतं. मोनालीनं बरणीला हात लावला नाही. माझ्याकडे बघून, पण आपल्या चोराच्या आवाजात, ती म्हणाली, "इतवारीभाऊ, घरी कोणाले कळवू?"

नियम म्हणजे नियम. उत्तर इतवारीनंच द्यायचं. मी दोनदा खाकरले. आभाळाकडे पाहिलं, म्हणजे पंख्याकडे. "कोणाले नाई. उगाच तरास."

"बहीण हाय न तुमाले?"

"हाय."

"तिले सांगू?"

"पाहू," इतवारी म्हणाला. मग माझ्या मनात नसताना पुढे बोलत गेला, "तिले नको. ती मोठी हाय, तिले राग शोभते. मी फोन केला अन् तिनं नाई उचलला, त मंग? न केलेला बरा. इथी बसून वाट त पाहता येते."

हे मी कुठे लिहिलं नव्हतं. तीन वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की भिणारा तो असेल. मी आपली माझाच मान मोजत बसले होते.

जुबेरला स्वस्थ बसवत नाही. "बटण काढू का मावशी? माझं एक धाडस बाकी हाय."

"मी मलमपट्टी करतो," इकरा म्हणाली. "वाचते तो. वाचते न?"

मोनाली पुन्हा बटणं मोजायला लागली. बापानं तिला बजावलं असणार, आत्यापाशी विषय काढू नको म्हणून. आणि ती इमानदार चोर. मी इतवारीच्या आवाजात "पाहू" म्हणायला गेले. खाकरले. पुन्हा खाकरले. तो आवाज काही आला नाही, माझाच आला, तोही फाटका.

"डोमा मेला त मी काय करू, मोना? मले बुधवारी संग घेऊन चाल."