लाल कसा वाजतो

राइलीने व्हिडिओ थांबवला, कानातला इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि कॉफीचा कप उचलला.

"एकतीस," ती म्हणाली.

"काय एकतीस?"

"सहा मिनिटांत एकतीस वेळा 'इथे' म्हणालीस. 'हे' आणि 'असं' मोजायचं मी मध्येच सोडून दिलं. अगं तारू, 'इथे' म्हणजे कुठे?"

तारूने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तिचे बोट आपोआप राइलीच्या लॅपटॉपकडे गेले. लॅपटॉपचा पडदा काळा होता. राइली तो नेहमीच काळा ठेवायची. वीज कशाला जाळायची, म्हणायची. तारूने बोट मागे घेतले.

फिनलंडमधल्या कुओपिओच्या नागरी विद्यालयात तारू प्रौढांना संगणक शिकवत असे. मुलगा आर्नी झाल्यापासून रजेवर होती. दुपारी तो तिकडच्या रिवाजाप्रमाणे थंडीतही बाल्कनीत, लोकरीच्या पिशवीत गुंडाळलेला, आपल्या गाडीत झोपला की तिला दोन तास मिळत. त्या दोन-दोन तासांतून पाच महिन्यांत तिने बारा धडे उभे केले होते: संकेतस्थळांना हलते-बोलते करणारी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा, अगदी पहिल्या पायरीपासून, घरबसल्या शिकायची. विद्यालयाच्या प्रमुखाने, हेइमोने, एकच अट घातली होती. शाळा सगळ्यांची आहे, तेव्हा तिसरा धडा राइलीला कुणाच्या मदतीशिवाय पुरा करता आला पाहिजे. आज चार वाजेपर्यंत राइलीने 'हो' कळवले, की सोमवारी अभ्यासक्रम सुरू आणि जानेवारीपासून तारूला तिची जागा परत. नाही कळवले, तर शाळा हेलसिंकीहून तयार अभ्यासक्रम घेणार आणि तारूला मिळणार बदलीचे तास, कुणी आजारी पडले तर.

राइली एकोणसाठ वर्षांची होती. जन्मापासून तिला दिसत नव्हते. जिल्हा रुग्णालयाचे टेलिफोन एक्स्चेंज तिने सव्वीस वर्षे चालवले. मग ते काम यंत्राकडे गेले, त्यालाही आता अकरा वर्षे झाली.

"एक्स्चेंजवर कुणी 'मला इथे जोडून द्या' म्हणालं असतं ना," ती म्हणाली, "तर मी त्याला थेट शवागार जोडून दिलं असतं."

तारूला हसू आले, पण ते पुरते उमटले नाही.

"आणि शेवटी काय म्हणतेस? 'ओळ लाल दिसली की समजा चूक झाली.' लाल कसा वाजतो गं?"

"मला सुचलंच नाही, राइली. खरंच नाही सुचलं."

"ते ऐकू येतंय." राइलीने बन मोडले, हुंगले. "वेलची भरपूर घातलीस. हे मात्र जमलंय."

साडेतीन होत आले होते. बाहेर उजेड ओसरत होता. टेबलावरच्या छोट्या यंत्रातून आर्नीचा श्वास ऐकू येत होता, संथ.

"सरावाचा कागद तरी वाचून बघ," तारू म्हणाली. "तो नुसता मजकूर आहे. त्यात 'इथे' नाही."

राइलीने इअरफोन पुन्हा घालण्याऐवजी त्याची वायरच लॅपटॉपमधून उपटली. लॅपटॉप मोठ्याने बोलू लागला. बोलू लागला म्हणायचे एवढेच. माळ तुटून मणी फरशीवर उधळावेत तसा एक सलग तडतडाट झाला आणि थांबला.

"हे काय होतं?"

"तुझा कागद. वाचणारा आवाज मी असाच पळवते."

"सगळा?"

"चाळीस ओळी. सव्विसावीत महिरपी कंस उघडलास, तो शेवटपर्यंत बंद केलेला नाहीस. शिकणारे बिचारे दिवसभर स्वतःचीच चूक शोधत बसतील."

तारूने स्वतःच्या लॅपटॉपवर कागद उघडला. सव्विसावी ओळ. तिने बोटाने खाली खाली मोजत नेले. कंस नव्हता. हा कागद तिने शंभरदा तरी पाहिला असेल. तिने हळूच मान वर केली आणि समोरच्या बाईकडे बघत राहिली. राइली बोटाला लागलेली साखर चाटत होती. कुठेही न बघणाऱ्या त्या चेहऱ्यामागे चाळीसच्या चाळीस ओळी एकाच वेळी उभ्या होत्या, दारे-खिडक्यांसकट, आणि कोणते दार उघडे राहिले ते तिला आतून कळत होते. तारू दहा वर्षे ही भाषा शिकवत होती. इतके सगळे तिने एकदम कधी धरले नव्हते.

"मला खरं ते लिहावं लागेल," राइली म्हणाली. आवाज मऊ होता. "तुझ्या हातचं खाल्लं म्हणून 'हो' नाही लिहिता यायचं."

"नकोच लिहूस."

यंत्रातला श्वास खुडबुडला, मग कण्हला. तारू उठली. बाल्कनीचे दार उघडताच थंडी आत आली आणि तिच्यामागून तारूच्या कडेवर लालबुंद गालांचा आर्नी, अर्धवट रागावलेला. तिने त्याला टेबलाशेजारच्या गालिच्यावर ठेवले.

"आलो आपण घरात," ती त्याला म्हणाली. डोळ्यांत पाणी होते म्हणून मान खाली घालून बोलत होती. "आता टोपी. तिची गाठ हनुवटीखाली आहे, ती सोडली. टोपी निघाली. आता गळ्यापासून पायापर्यंत चेन, खाली, खाली, खाली, थांबली. डावा हात बाहेर. आता उजवा. उजव्याचा हातमोजा आतच राहिला, तो बाहीतून ओढून काढूया. आला! आता तुला वर उचलते. एक, दोन, वर."

तारूने वळून पाहिले. राइलीचा कप ओठांपाशी थांबला होता.

"रोज असंच बोलतेस त्याच्याशी?"

"न सांगता हात लावला तर दचकतो."

"तिसरा धडा सांग," राइली म्हणाली.

"आता? काय उपयोग? वीसच मिनिटं आहेत."

"मला नको सांगूस. त्याला सांग."

तारूने आर्नीला मांडीवर घेतले. तिचा लॅपटॉप तिच्या पाठीमागे राहिला होता. वळून घेण्याइतके हात मोकळे नव्हते. आर्नीने तिच्या ओठांवर तळवा ठेवला आणि वाट पाहू लागला.

"आपण एक यादी करूया," ती त्याला म्हणाली. "आधी यादीला नाव. मग बरोबरचं चिन्ह. मग चौकटी कंस उघडायचा, म्हणजे पेटीचं झाकण उघडलं. आत एकेक शब्द ठेवायचा, प्रत्येकाला अवतरणचिन्हांचं पांघरूण, दोन्ही बाजूंनी. दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम. सगळे आत गेले? झाकण बंद. ओळ संपली."

राइलीची बोटे चालत होती.

"आता नव्या ओळीवर यंत्राला सांगायचं, यादीतला एकेक शब्द हातात घे. त्या शब्दाला काय हाक मारायची तेही सांगायचं, गोल कंसात. तो बंद. मग महिरपी कंस उघडला, म्हणजे खोलीत शिरलो. खोलीत जे करशील ते प्रत्येकासाठी एकदा होणार. कुणी सुटणार नाही, कुणाला दोनदा मिळणार नाही. झालं? आता बाहेर ये, आणि येताना दार लाव, बाळा. दार लावायचं विसरायचं नाही. आई विसरली होती."

ती बोलत राहिली. चूक झाली तर यंत्र कोणत्या शब्दांत सांगते आणि ओळीचा आकडा कुठून ऐकायचा, हेही तिने सांगितले. हे तिने कुठल्याच धड्यात सांगितले नव्हते. राइलीने एक कळ दाबली आणि वाचणाऱ्या आवाजाचा वेग कमी केला. इतका कमी, की तो माणसासारखा झाला.

"जोडून देते, प्रसूती विभाग," लॅपटॉप म्हणाला. "जोडून देते, बालरोग. जोडून देते, हृदय. जोडून देते, अस्थिरोग."

तारूने यादीत फळांची नावे घालायला ठेवली होती. आवाज पुढे जात राहिला, एकेका विभागाचे दार उघडत, तळघरातल्या धोबीखान्यापर्यंत. तेवीस विभाग. एकही सुटला नाही. राइली ताठ बसली होती आणि प्रत्येक नावाला तिचा अंगठा टेबलावर किंचित टेकत होता, जणू तिथे एक बटण आहे. दिवा लावायचे कुणाच्याच लक्षात आले नव्हते. स्वयंपाकघर पार काळोखले होते आणि त्या काळोखात एक सबंध रुग्णालय उभे राहिले होते.

यादी संपली.

मग राइलीने वेग पुन्हा वाढवला, झरझर काही लिहिले आणि ते मोठ्याने म्हणून दाखवले.

"'हेइमो, आहे तसा तिसरा धडा मला पुरा करता आला नाही. तोच धडा तारूने आत्ता तोंडी सांगितला, तो झाला. हेलसिंकीवाल्यांना होकार देऊ नकोस.' पाठवते."

"पाठव."

उत्तर चार मिनिटांत आले. हेइमो मोजकेच बोलायचा. किती वेळ लागेल, एवढेच त्याने विचारले होते.

"किती?" राइलीने विचारले.

तारूने बारा धड्यांचा, पाच महिन्यांतल्या सगळ्या दुपारींचा हिशेब मनात मांडला आणि पुसून टाकला. "सगळे पहिल्यापासून करायचे. फेब्रुवारी म्हण."

राइलीने ते लिहिले, लॅपटॉप मिटला, कोट चढवला. दारात तिने हात पुढे केला. आर्नीने तिचे बोट घट्ट धरले.

"चौथ्या धड्याला उद्या येते. किती वाजता?"

"दीडनंतर ये. तेव्हा तो झोपलेला असतो, निवांत काम होईल."

"अगं, झोपलेला काय कामाचा?" राइली म्हणाली. "जागा असेल तेव्हाची वेळ सांग."