मय्यतगाडीचा टोल

"गाडी तुमचीच ना, आजोबा?"

"नावावर माझ्याच आहे," रियाजचाचा म्हणाले.

"मग मी वेगळं काय विचारलं?" आरटीओच्या खिडकीमागच्या तेजस्विनी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "पंधरा वर्षं झाली, नोंदणी पुन्हा करायची, इथपर्यंत सगळं छान. पण गाडीवर टोलची जुनी थकबाकी दिसतेय. ती भरल्याशिवाय हा संगणक पुढे सरकत नाही. तो सरकत नाही म्हणून मी सरकत नाही, आणि तुमच्यामागची रांगही."

रांगेतले दोघेतिघे हसले. चाचांना हसू आलं नाही. आकडा तीस हजारांच्या वर होता.

"गंमत बघा," मॅडम पडदा वाचत म्हणाल्या. "येताना टोल भरलाय, अगदी रीतसर. जातानाच तेवढा बुडवलाय. असं कोण करतं हो?"

असं कोण करतं ते चाचांना पक्कं ठाऊक होतं. जाताना गाडीत मय्यत असायची.

स्वारगेट डेपोत उभी हयात बस चालवून ते निवृत्त झाले, तेव्हा मोमिनपुऱ्याच्या लोकांनी वर्गणी काढून ही जुनी व्हॅन घेतली होती. शहरात मरण आलं तरी माती गावची मिळावी, आईबापाशेजारी झोपावं, असं म्हणणारे म्हातारे मोहल्ल्यात पुष्कळ. त्यांना दवाखान्यातून घाटापलीकडच्या गावी पोचवायला गाडी हवी होती. ट्रस्टचे कागद कुठेतरी अडकले होते, म्हणून गाडी चाचांच्या नावावर झाली, साधी खासगी गाडी म्हणून. मागच्या सीटा काढल्या, लाकडी फळी बसवली, झालं. डिझेल मशिदीच्या पेटीतून. मय्यतीच्या घरच्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हा चाचांचा नेम. कुणी खिशात नोट कोंबलीच तर ते भर रस्त्यात भांडायचे.

हायवेच्या नाक्यावर तेव्हा दत्तप्रसाद नावाचा पोरगेला कर्मचारी होता. पहिल्यांदा गाडीत डोकावला आणि त्याने डोक्यावरची टोपीच काढली. म्हणाला, "चाचा, पुढच्या वेळी काचेवरचा टॅग झाकून आणा. मशीननं वाचला की पैसे कटतात, मग माझ्या हातात काही राहत नाही. झाकलात की मी दांडा हातानं उचलतो. मेलेल्या माणसाकडून कसला टोल घ्यायचा?"

तेव्हापासून रुकसानाचाचींच्या स्वयंपाकघरातल्या फॉइलचा एक तुकडा गाडीत आरशामागे खोचलेला असे. जाताना तो टॅगवर. येताना गाडी रिकामी, म्हणून तुकडा काढून टोल इमानदारीने द्यायचा. दोन भल्या माणसांनी मिळून केलेला हा चोख हिशोब. नाक्यावरचा कॅमेरा मात्र नंबरप्लेट टिपत होता, आणि दर खेपेला दुप्पट दंड लावत होता. मोबाइलवर निरोप येत होते, पण त्यात निळी लिंक असायची. "दाबू नका हो, पैसे जातात," असं चाची बजावायच्या, आणि चाचा तो निरोप पुसून टाकायचे.

"मॅडम, ती मय्यतगाडी आहे. शववाहिकेला टोल माफ असतो."

"कागदावर शववाहिका आहे का?"

"कागदावर नाही."

"मग कागदाला सांगा," मॅडम म्हणाल्या. पण चाचांचा चेहरा पाहून त्यांचा आवाज जरा उतरला. "टोल कंपनीचं ऑफिस खराडीला आहे. तिथे अर्ज करून बघा. नोंदणी शुक्रवारी संपतेय. त्यानंतर गाडी रस्त्यावर काढू नका, काका."

खराडीच्या बसमध्ये चाचांचा जीव ठिकाणावर नव्हता. आयुष्यभर स्टिअरिंगमागे बसलेला माणूस, प्रवासी म्हणून बसला की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. दर थोड्या वेळाने ते खिशातला फोन काढून बघत. मरण काही शुक्रवारचा विचार करून येत नाही, आणि मोहल्ल्यात दोघे अंथरुणाला खिळलेले होते.

काचेच्या इमारतीत गंधार नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"अंकल, केस सिम्पल आहे. आमच्या स्टाफनं गाडी फ्री सोडली, बरोबर? त्याचं नाव लिहून द्या. तुमचे ड्यूज मी आजच क्लिअर करतो. रिकव्हरी त्याच्याकडून होईल."

"आणि त्याची नोकरी?"

"ते एचआर बघेल. त्याचं टेन्शन तुम्ही कशाला घेता?"

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. चाचांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. "उद्या येतो," म्हणाले आणि उठले.

बाहेर येऊन त्यांनी दत्तप्रसादला फोन लावला. नाका उठून तिथे नुसती कमान आली होती, गाड्या न थांबता खालून जात होत्या, आणि दत्तप्रसाद त्याच कंपनीच्या गस्तीच्या गाडीवर लागला होता. संध्याकाळी तो स्वारगेटला भेटला. अंगात नारिंगी जाकीट, हातात हेल्मेट. चहा येण्याआधीच बोलायला लागला.

"चाचा, दिवाळीनंतर परमनंट करणारेत मला. बायको म्हणते, आता तरी स्वतःची खोली बघा. सासुरवाडीला किती दिवस राहायचं?" त्याने बशीत चहा ओतला. "आणि तुमची गाडी? आता दांडा नाही, मीही तिथं नाही. पण मी कंट्रोल रूममध्ये सांगून ठेवलंय बरं का. व्हाइट व्हॅन, चाचांची, सोडायची. सोडतात ना?"

चाचांनी ग्लास तोंडाला लावला. विचारायचं ते जिभेवर आलं होतं. नाव देऊ का रे तुझं, एवढंच तर विचारायचं होतं.

"सोडतात ना," ते म्हणाले. "तू सांगून ठेवलंयस म्हटल्यावर लगेच सोडतात."

दत्तप्रसाद खूश झाला आणि चहाचे पैसे त्यानेच दिले. चाचा मात्र घरापर्यंत चालत गेले आणि वाटभर स्वतःवरच चरफडत राहिले. तीस हजारांच्या वर रक्कम, आणि आपण खोटं बोलून मोकळे.

शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी मोहल्ल्यातल्या बिलालचा फोन आला. "चाचा, अब्बा गेले. दवाखान्यातच आहेत. गाडी घेऊन येता?"

"गाडी बंद आहे, बेटा." हे वाक्य त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

ते रिक्षाने दवाखान्यात पोचले, तेव्हा भाड्याची गाडी फाटकाशी उभी होती. मय्यत आत ठेवलेली, मागचं दार सताड उघडं, आणि ड्रायव्हर बिलालशी घासाघीस करत होता. घाटाचे वेगळे, थांबायचे वेगळे, टोल तुमचा. बिलाल एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्याने मोबाइलवर पैसे पाठवत होता. बापाच्या पायांवरची चादर वाऱ्याने सरकली होती. तिकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. चाचांनी ती नीट केली, दार लोटलं आणि खाली मान घालून उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, आयुष्यात कधी वाटली नव्हती तेवढी.

तिथून ते थेट ग्रॅनाइटच्या दुकानात गेले. रुकसानाचाचींचा स्वयंपाकाचा ओटा किती वर्षांपासून मधोमध चिरलेला होता. भेगेत पीठ अडकायचं, मुंग्या व्हायच्या. पेन्शनीतून साठवून यंदा काळा ग्रॅनाइट पसंत केला होता, आगाऊ रक्कमही भरली होती.

"पाटी वाचता येते ना?" दुकानदार श्यामसुंदर मान वर न करता म्हणाले. पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. *आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. कारणे सांगू नयेत.*

"येते."

"मग?"

"कारण सांगत नाही. पैसे परत द्या."

श्यामसुंदरांनी पहिल्यांदाच मान वर केली. समोरच्या माणसाचा चेहरा बघितला, गल्ला उघडला. "मय्यतगाडीवाले ना तुम्ही? दगड इथेच आहे. तुमच्या नावाने बाजूला ठेवतो. फार वर्षं ठेवणार नाही."

घरी चाची कणीक मळत होत्या. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत.

"त्या पोराचं नाव का नाही दिलं?"

"त्यानं माझ्या गाडीला टोपी काढली होती, रुकसाना."

 चाची भेगेतलं पीठ नखाने उकरत म्हणाल्या, "बाकीचे पैसे कपाटात आहेत. ओट्याला काय झालंय? पोळ्या गोलच होतात." मग त्या पाठमोऱ्या झाल्या आणि पुन्हा कणीक मळायला लागल्या.

पैसे भरले, तपासणी झाली, नवा कागद आला. "भरलेत का एकदाचे?" तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. "आता शववाहिका म्हणून नोंद करून घ्या. अर्ज देते. वेळ लागेल, पण होईल." चाचांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

तिसऱ्याच दिवशी खेप निघाली. शबनमच्या आईची मय्यत होती. शबनम आणि तिचा भाऊ फैझल मागे फळीशेजारी बसले होते. कमान दिसायला लागली तसा चाचांचा हात सवयीने आरशामागे गेला. फॉइलचा तुकडा अजून तिथेच होता. त्यांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

कमानीच्या अलीकडे रस्त्याकडेला गस्तीची गाडी उभी होती. बंद पडलेल्या ट्रकमागे एक नारिंगी जाकीटवाला इशाऱ्याचे शंकू मांडत होता. पांढरी व्हॅन बघून तो ताठ उभा राहिला. त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं, आणि दुसरा हात सावकाश वर नेला, पूर्वी दांडा उचलायचा तसा. जणू म्हणत होता, जा चाचा, तुम्हाला रस्ता मोकळा आहे.

गाडी थांबवायची सोय नव्हती. चाचांनी कपाळाला हात लावला आणि कमानीखालून गेले. खिशात फोन वाजला. पैसे कटले होते.

"चाचा," मागून फैझलने रडून बसलेल्या आवाजात विचारलं, "टोल किती झाला? मी देतो."

"आपल्या गाडीला टोल लागत नाही, बेटा," चाचा म्हणाले. "अम्मीच्या पायांवरची चादर बघ, सरकली असेल." आणि घाटाची चढण आली, तसा त्यांनी गिअर बदलला.