सतरा जणांच्या कोपऱ्यातला बाक

मी एक जुना, बुटका, चार पायांचा लाकडी बाक आहे. माझ्या उजव्या कडेला तडा गेला आहे आणि अंगावर असंख्य टाचांचे वळ आहेत. आयोवा राज्यातील एल्क बेंड या गावी, वेंडेल ह्रुष्का यांच्या ट्रॅक्टर ठेवण्याच्या छपरात सध्या माझे वास्तव्य आहे. मित्रांनो, एका अत्यंत लायक बाईला राष्ट्राध्यक्षपदाच्या वाटेवरील पहिल्याच पायरीवर लोकांनी का नाकारले, हे मी तिच्या पायाखालून पाहिले आहे. ते पोटात ठेवून कुजून जावे असे मला वाटत नाही, म्हणून हा प्रपंच.

माझा जन्म मक्याच्या एका मोडक्या कणगीतून झाला. वेंडेलच्या सासऱ्यांनी तिच्या ओकच्या फळ्या रंधून मला घडवले, कारण त्यांची मुलगी आयलीन ठेंगणी होती आणि स्वयंपाकघरातील वरच्या फळीला तिचा हात पोहोचत नसे. लग्नानंतर मी तिच्याबरोबर सासरी आलो. पुढे दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष होऊ इच्छिणारी मंडळी आमच्या गावी येऊ लागली. गुरांच्या लिलावाच्या छपरात त्यांना उभे राहण्यासाठी काहीतरी उंच लागे. वेंडेल मला घेऊन जाई. एक उमेदवार तर इतका वजनदार होता की माझी उजवी कड तेव्हाच तडकली. तरीही माझी छाती अभिमानाने फुगत असे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गावचे रुग्णालय बंद झाले. त्याच वर्षी आयलीनची मूत्रपिंडे निकामी झाली. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी रक्तशुद्धीसाठी वेंडेल तिला सत्तर मैल दूर नेतो. हिवाळ्यात रस्ता बर्फाने झाकला की तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत रस्ता दोन दिवस बंद राहिला, तेव्हा आयलीन मरता मरता वाचली.

अशा काळात, सप्टेंबर महिन्यात, नोरा टिलक्विस्ट आमच्याकडे आल्या. दुसऱ्या एका राज्याच्या गव्हर्नर असताना त्यांनी खेड्यांतील अकरा रुग्णालये बंद होऊ दिली नव्हती. त्या दिवशी लिलावाच्या छपरात तीनशे माणसे दाटली होती. नोराबाई माझ्यावर चढल्या आणि कागदाशिवाय तासभर बोलल्या. शेवटी डेल ओटकेन नावाच्या डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्याने विचारले, "बाई, तुम्ही सगळं करणार म्हणता. पण तुम्हाला मतं कोण देणार?"

"तुम्ही दिलंत तर एक झालं," नोराबाई म्हणाल्या. सारे छप्पर हसले.

सभा संपल्यावर त्या आयलीनशेजारी माझ्यावर बसल्या आणि त्यांनी उपचाराचे वार, गाडीचे तास, रस्त्याची स्थिती, सर्व विचारून घेतले. वेंडेलने त्याच संध्याकाळी गावातील त्यांच्या गटाचे प्रमुखपद पत्करले. गावचे वर्तमानपत्र त्यांना सर्वांत कर्तबगार उमेदवार म्हणू लागले. माझ्या आयुष्यातील तो सर्वांत सुखाचा काळ होता.

नोव्हेंबरात मतांचे अंदाज आले आणि नोराबाई चौथ्या क्रमांकावर घसरल्या. त्यांच्या कचेरीतून वेंडेलला घरोघरी वाचून दाखवण्यासाठी मजकूर येऊ लागला: मोहीम धोक्यात आहे, आपण आला नाहीत तर सर्व संपेल. वेंडेल साधा माणूस. त्याने तोच मजकूर पाठ केला. मला छोट्या ट्रकच्या मागे टाकून तो दारोदार हिंडला आणि बर्फात उभा राहून बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी येई. लोक त्याला आत घेत, राजम्याचा झणझणीत रस्सा आणि दालचिनीचा गोड रोल वाढत, आणि पाठिंब्याच्या कार्डावर सही करून देत. अडतीस सह्या झाल्या.

आयलीन मात्र कार्डे पाहून म्हणाली, "वेंडेल, आपल्या गावात सही म्हणजे कॉफी विचारल्यासारखी असते. बर्फातून आलेल्याला नाही कोण म्हणतं?"

हे खरे होते. त्याच हातांनी इतर उमेदवारांच्या कार्डांवरही सह्या केल्या होत्या. परंतु वेंडेलने ते ऐकले नाही. ऐकून करणार तरी काय होता?

मित्रांनो, आमच्याकडे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या या पहिल्या फेरीला मतपेटी नसते. जानेवारीतील एका सोमवारी संध्याकाळी गावकरी शाळेच्या व्यायामशाळेत जमतात आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात सर्वांदेखत जाऊन उभे राहतात. शंभरात पंधरा माणसे नसतील तर तो कोपरा मोडतो. त्या दिवशी एकशे चाळीस माणसे आली होती. आम्हाला एकवीस हवी होती.

वेंडेलने मला भिंतीशी ठेवले. आयलीनला फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून ती माझ्यावर बसली. दार उघडले. माणसे आत येत, आमच्याकडे पाहून प्रेमाने हात हलवत, क्षणभर थबकत, आणि इतर कोपऱ्यांत किती गर्दी आहे हे पाहून तिकडे चालू लागत. अडतीसपैकी एकवीस जण माझ्या डोळ्यांदेखत असे निघून गेले. मोजणी झाली. आम्ही सतरा होतो.

पुन्हा जुळवाजुळव करण्यास अर्धा तास मिळाला. आयलीन उठली आणि वेंडेल माझ्यावर चढला. मी मनोमन प्रार्थना करीत होतो की याने त्या अकरा रुग्णालयांविषयी बोलावे. पण त्याच्या तोंडी तेच पाठ केलेले आले. "चार माणसं हवीत," तो म्हणाला. "फक्त चार. नाहीतर ती संपली." लोकांनी माना खाली घातल्या. ग्रंथालयातील बाई आणि त्यांचे यजमान तेवढे आले. एकोणीस झाले.

मग तो आपल्या धाकट्या बहिणीकडे, मार्जीनकडे गेला. ती समोरच्याच कोपऱ्यात, आमच्याकडे अर्धवट पाठ करून उभी होती. त्याने तिचा हात धरला आणि आयलीनकडे बोट दाखवले.

"मला दाखवू नकोस," मार्जीन म्हणाली. "मलाही तीच बाई आवडते. सगळ्यांत जास्त."

"मग ये ना."

"महिनाभर तू दारोदार काय सांगत फिरलास? ती बुडतेय, ती बुडतेय. मी म्हटलं, माझा सख्खा भाऊच असं सांगतोय, म्हणजे बुडणारच. मग निदान दुसऱ्या कुणाला तरी देऊ मत, वाया तरी जाणार नाही."

"अजून दोनच हवेत, मार्जीन."

तिने मान वळवून आजूबाजूला पाहिले. तिच्या बाजूला डेल ओटकेन उभा होता. तो जागचा हलला नाही, म्हणून तीही हलली नाही. इतक्यात वेळ संपल्याचे जाहीर झाले आणि आमचा कोपरा मोडला. इतर गटांची माणसे आमच्या एकोणीस जणांना हाताला धरून आपापल्या बाजूला नेऊ लागली. वेंडेल कोणाबरोबरही गेला नाही.

खरा घाव पुढे होता. घरी जाताना लोक कोट घालता घालता आयलीनला भेटायला येऊ लागले. एकेक जण तिचा हात हाती घेई आणि हळूच म्हणे की मनातून मलाही नोराच हवी होती, पण तिला कोणी उभे राहणार नाही असे वाटले. डेल ओटकेनही तेच म्हणाला. त्याच्या मागे मार्जीन उभी होती. तिने ते ऐकले आणि तोंडावर हात ठेवला. वेंडेल बोटांवर मोजत होता. एकोणीस आमचे आणि हे चौदा, तेहतीस.

"पुरे कर," आयलीन म्हणाली. "मोजू नकोस आता."

दोन दिवसांनी नोराबाईंनी माघार घेतली. वेंडेलने मला ट्रॅक्टरजवळ छपरात आणून टाकले, त्याला आता चार महिने झाले. तो माझ्याकडे पाहत नाही. माझ्यावर तेलाचे डबे आहेत, उंदरांनी एका पायाची कड कुरतडली आहे. आठवड्यातून तीनदा त्या दोघांची गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो, आणि ती परत आल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत मी जीव मुठीत धरून असतो.

मित्रांनो, मला पुसावे, माझा तडा बुजवावा, अशी इच्छा मलाही आहे. परंतु तेवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतलेला नाही. उद्या तुमच्या गावात एखादे भले माणूस उभे राहील आणि ते तुम्हाला मनापासून पटेल. तेव्हा कृपा करून आधी त्याच्यापाशी चालत जा, आणि मग मान वळवून शेजाऱ्याकडे पाहा. तो बिचारा तुमच्याचकडे पाहत उभा असतो.