हिरव्या टोपीखालची हवा

हरसूलला सकाळ एकदम होत नाही. आधी पूर्वेच्या डोंगराची कड उजळते आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. आकाश नुसते पातळ ताकासारखे पांढरट दिसत राहते. नंतर उजेड उतरणीला लागतो. सागाच्या वाळक्या पानांवरून, शाळेच्या पत्र्यावरून, हापशाच्या झिजलेल्या दांड्यावरून तो इतका सावकाश खाली येतो, की त्याला कुठे पोहोचायचेच नसावे. शेवटी तो रस्त्याकडेच्या एका घमेल्यात उतरतो. घमेल्यातले पाणी कालचेच, गढूळ, वर तेलाचा तवंग. तरी त्यावर क्षणभर सगळे रंग उमटतात. तिथून एक कवडसा उडून माझ्या अंगावर पडतो आणि पांढऱ्या रंगाने काढलेली ‘पंक्चर’ ही अक्षरे वाचता येऊ लागतात.

मित्रांनो, ही अक्षरे अंगावर घेऊन मंगळूच्या दुकानाबाहेर खांबाला लटकलेला जुना टायर म्हणजे मी. एका मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकावर मी सात वर्षे धावलो. ऊन कोवळे असते तोवर मला बरे वाटते. ते चढून रबर तापू लागले, की आजही मला एक दुपार आठवते.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. साच्यातला उकाडा, अंगावरची रबराची बारीक लव, आणि पहिल्यांदा हवा भरली तेव्हा आतून कोणीतरी ‘ऊठ’ म्हटल्यासारखे वाटले, एवढेच. नाशिकच्या एका दुकानात मला धनराज सरांच्या गाडीला बसवले. सर हरसूलच्या शाळेत विज्ञान शिकवत. रोज सकाळी नाशिकहून गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल. शाळा सुटली की तोच रस्ता परत. त्याच शाळेतल्या आशा मॅडम त्यांच्याबरोबर येत. त्या पुढे डावीकडे बसत, म्हणजे नेमक्या माझ्यावर. मी त्यांचा चेहरा कधी नीट पाहिला नाही, पण त्यांचे वजन ओळखत होतो. गेल्या हिवाळ्यापासून ते किंचित वाढू लागले. एकदा खड्ड्यात आदळल्यावर सर ओशाळून म्हणाले, “सॉरी हं, मॅडम. आता दोघांना न्यायचंय, सावकाश घेतो.” तेव्हा मला उमगले. त्या दिवसापासून खड्डा दिसण्याआधीच मी घाबरू लागलो.

सरांनाही भीती वाटली असावी. त्याच आठवड्यात त्यांनी शहरातल्या एका पंपावर चारही चाकांतली आणि स्टेपनीतली हवा काढून नायट्रोजन भरून घेतला. पंपावरच्या माणसाने माझ्या व्हॉल्व्हवर हिरवी टोपी फिरवून घट्ट केली आणि म्हणाला, “आता टेन्शन सोडा, सर. हा गॅस बाहेर जात नाही. फक्त यात साधी हवा मिसळू देऊ नका.”

नायट्रोजन रबरातून जरा हळू झिरपतो, हे खोटे नाही. पण ‘हळू’ आणि ‘नाही’ यांतले अंतर सरांनी मोजले नाही. मीही नाही. मला ती टोपी फार आवडली होती. रस्त्यावरच्या हजारो काळ्या टायरांमध्ये आपण कोणी निराळे आहोत, असे मला आयुष्यात प्रथमच वाटत होते.

त्याआधी दर सोमवारी शाळा भरण्यापूर्वी मंगळू मला मीटर लावून बघायचा. बत्तीस पौंड हवा भरली, की माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचा, “चल पैलवान, जा.” टोपी आल्यावरच्या पहिल्या सोमवारी तो नेहमीसारखा नळी ओढत आला.

“राहू दे रे,” सर म्हणाले. “नायट्रोजन आहे. तुझी हवा त्यात चालत नाही.”

“का? माझी हवा काय बाटलेली हाय?” मंगळू हसला. सर हसले नाहीत. मंगळूने नळी गुंडाळून ठेवली, आणि ती थाप मला पुन्हा मिळाली नाही.

पुढचे तीन महिने सर माझ्याकडे पाहत, ते फक्त टोपीकडे. तिच्याखाली वाकून कोणी पाहिले नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी रबर तडकले होते. पहाटे अंग सैल वाटले तर मी म्हणे, गारठा असेल. वळणावर बाजूची कूस दुमडली तर म्हणे, रस्ता खराब असेल. भित्र्या जिवाला कारणे चटकन सापडतात.

एप्रिलमधला तो शनिवार. शाळा लवकर सुटली होती. भर दुपारी डांबर मऊ झाले होते. मंगळू धावतच गाडीसमोर आला.

“सर, थांबा! डावं चाक पार बसलंय. लय खाली हाय. दोन मिनिटांत हवा मारतो.”

“नाशिकला भरतो. इथं मिसळली तर सगळी पुन्हा काढायला लागेल.”

“मॅडम बसल्यात गाडीत, सर.”

“म्हणूनच तर नायट्रोजन भरलाय ना!”

गाडी निघाली. घाटाच्या पहिल्या वळणालाच माझी कूस जमिनीला टेकली. आतले थर एकमेकांवर घासू लागले. मी तापत होतो; तो ताप उन्हाचा नव्हता. डाव्या हाताला दरी होती. प्रत्येक वळणावर ती माझ्यापासून हातभर अंतरावरून जाई, आणि वर ते ओळखीचे वजन असे.

“सर, गाडी डावीकडं ओढतेय का?” मॅडमनी विचारले.

“रस्त्याचा उतार आहे तसा.”

मला ओरडायचे होते. टायरला आवाज एकदाच फुटतो, आणि तो फुटला तर दोन जिवांचे काय होईल या भीतीने मी स्वतःला नुसते आवळून धरले. एक वळण गेले. दुसरे गेले. तिसऱ्या वळणावर चाकाची लोखंडी कड माझ्या अंगात रुतली, गाडी दरीकडे घसरली, मॅडम “आई गं!” म्हणाल्या, आणि सरांनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. कठड्याच्या दगडाला मी टेकलो, तेव्हा गाडी थांबली.

मॅडमनी पोटावर हात ठेवला. मग मॅडम हळूच म्हणाल्या, “हलतंय, सर. बाळ हलतंय. ठीक आहे.” सरांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकले.

फोन केल्यावर मंगळू मोटारसायकलवरून आला. स्टेपनीतही हवा कमी होती. तिलाही हिरवी टोपी होती. तो काही न विचारता पायपंप मारू लागला.

“सर,” मॅडम दगडावर बसून म्हणाल्या, “सहावीच्या पोरांना तुम्ही काय सांगता? हवेत नायट्रोजन किती टक्के?”

“अठ्ठ्याहत्तर,” सर जमिनीकडे पाहत म्हणाले.

मंगळूचा पाय थांबला. “म्हंजी इतकी वर्षं मी त्योच भरत व्हतो? आणि मलाच म्हाईत नाय!” मॅडमना हसू आले, मग रडू आले. सरांनी पुढे होऊन पंपावर स्वतःचा पाय ठेवला.

दुकानात मला चाकावरून उतरवले तेव्हा माझ्या पोटातून मूठभर काळी भुकटी पडली. ते माझेच अंग होते. आता मी धावणार नाही. सर मात्र दर सोमवारी शाळा सुटल्यावर, चाके थंड असताना, मंगळूसमोर गाडी उभी करतात. जूनमध्ये आशा मॅडमना मुलगी झाली.

मित्रांनो, नायट्रोजन भरायचा तर खुशाल भरा. थोडा उपयोग त्याचाही आहे. पण महिन्यातून एकदा तरी टोपी काढून मीटर लावा, आणि हवा कमी दिसली तर जवळ मिळेल ती भरा. टोपीचा रंग पाहून निर्धास्त होऊ नका.

एक गोष्ट सांगायची मी टाळत आलो. घाटात मंगळूने माझी हिरवी टोपी काढली, बोटाला थुंकी लावली आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी टेकवली. तिथे एक बारीक फुगा आला. मोठा झाला, फुटला. मग दुसरा आला. सर पाहत होते, मॅडम पाहत होत्या. मला मान फिरवता आली असती तर मी फिरवली असती. कारण त्यात मला नवे काहीच नव्हते. टोपी बसली त्या पहिल्या आठवड्यापासून माझ्यातून हवा जात होती.