गर्दी सरू दे

“हारुन, दगडले टाकी मारी दे रे. पीठ जाडं निंघी ऱ्हायनं. उद्या आखाजीना सन, बाया मन्हं डोकं खाई ऱ्हायन्यात.”

प्रकाशा गावातल्या पिठाच्या गिरणीचा मालक रूपचंदशेठ दोन वर्षांत पहिल्यांदा हारुनच्या दारात आला होता. हारुनला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. याच दिवसाची तो वाट पाहत होता.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही गिरणी तोच चालवायचा. इंजिनाचा पट्टा सांध्यावर उसवला होता. नवा पट्टा आणून खुंटीला टांगलेला. पण तो चढवायचा तर अर्धा दिवस गिरणी बंद ठेवावी लागणार. हारुनने सांगून पाहिलं. शेठचं उत्तर ठरलेलं, “गर्दी सरू दे, मंग बदलसूत.” आता गिरणीपुढची गर्दी कधी सरते का? एका सकाळी पट्टा तुटला आणि त्याचा फटका हारुनचा उजवा डोळा घेऊन गेला. शेठने काय करावं? जुनाच पट्टा शिवून घेतला आणि नवा माणूस ठेवला.

“मत जाओ जी,” आतून बायको सुरैय्या म्हणाली. “खाने दो मोटा आटा. मैं गयी क्या कभी उस चक्की पे?” दोन वर्षं ती घरच्या जात्यावर दळत होती.

दगडाला खाचा पाडायची टाकी आणि हातोडी घेऊन हारुन निघाला. सुरा सवयीने कमरेला होताच. टाकीचे चार वेडेवाकडे घाव घातले की दगड कायमचा कामातून जाणार होता. तेच करायचं त्याने ठरवलं होतं.

रांग पिंपळापर्यंत गेली होती. आत तोच पट्टा टपटप वाजत होता आणि खुंटीवरच्या नव्या पट्ट्याला जाळी लागली होती. हारुन जिथे उभा राहायचा, नेमका तिथेच खात्या नावाचा नवा माणूस उभा होता. पट्टा तुटला तर याचाही डोळा जाणार! हारुनचं माथं भडकलं. त्याने इंजिन बंद केलं, कमरेचा सुरा काढला आणि जुना पट्टा आडवा कापून टाकला.

“अरे, हाई काय करं तू?” शेठ किंचाळला.

“आते गर्दी सरनी, शेठ. तुम्हीच सांगा बायासले.”

शेठ रांगेपुढे गेला. रांगेतल्या रूपलीबाईने टोपली आदळली. “मन्ही पोर लगीननंतर पहिल्या आखाजीले माहेरले येल शे. तिले जाडंभरडं खावाडू का? नवा पट्टा काय पूजाले ठेवेल शे?” शेठ हात जोडून सगळ्यांची बोलणी खात उभा राहिला. बाया टोपल्या घेऊन जात्यांकडे परतल्या. हारुनचं काळीज निवलं. मग त्याने दगड उतरवला आणि सरळ, नीट टाकी मारून दिली. दगडाशी त्याचं वैर नव्हतं.

आखाजीच्या सकाळी गिरणी सुरू झाली. ओट्यावर बसलेल्या हारुनने कान दिला. टपटप गेली होती. नवा पट्टा एका सुरात फिरत होता, पट्ट्यापाशी खात्या उभा असणार. हारुननेही तेव्हा एवढंच मागितलं होतं.

सुरैय्या चहा घेऊन आली, तेव्हा तो उरलेला डोळा मिटून ऐकत बसला होता.